इंग्लंडचे कालवे आणि आपली कान्ह नदी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या टूरवर लेख आला, त्यात लंडन, राजवाडे, शॉपिंग सगळं होतं पण कालव्यांबद्दल एक अक्षर नाही म्हणून लिहितोय. इंदूरच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे नोकरीला आहेत, आईवडील भेटायला जातात आणि बसमध्ये बसून शहरं उरकून परत येतात. त्यातले चार दिवस काढा आणि एक नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांब, अरुंद घरासारखी बोट, भाड्याने घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. लायसन्स लागत नाही, देणारे लोक आधी सगळं समजावतात, आत किचन, पलंग, बाथरूम असतं, आपला वरणभात लावा आणि निघा.

आम्ही मुलाबरोबर ऑक्सफर्ड कॅनॉलवर गेलो. हा 1790 मध्ये पूर्ण झाला, कॉव्हेंट्रीजवळून ऑक्सफर्डपर्यंत 78 मैल, आणि जमिनीची लेव्हल धरून इतका वळत जातो की तीच टेकडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे दिसते. बोट जेमतेम सात फूट रुंद, स्पीड लिमिट ताशी 4 मैल, काठाला बांधलेल्या बोटी दिसल्या की अजून हळू, नाहीतर लाटेने त्यांचे खुंटे उपटतात.

लॉकमध्ये तर खरी मजा! चढ आला की बोट एका अरुंद हौदात घ्यायची, मागचं फाटक लावायचं, मग हँडल फिरवून पुढची झडप उघडायची, वरचं पाणी आत येतं आणि बोट आपोआप वर चढते. दोन्हीकडचं पाणी सारखं होईपर्यंत कितीही जोर लावा फाटक हलत नाही, आणि झालं की आमच्या सौ.ने नुसती पाठ लावून ढकललं तर उघडलं. उतरताना मात्र सांभाळावं लागतं, वरच्या फाटकापाशी पाण्याखाली उंबरा असतो, बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला तर पुढून बुडू शकते, म्हणून भिंतीवर पांढरी रेघ असते तिच्या पुढेच राहायचं.

हे सगळं एकदा संपत आलं होतं बरं का. माल रेल्वे आणि ट्रकवर गेला, कालवे गाळाने भरले. 1946 मध्ये कालवे वाचवायला इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था निघाली, पुढे लोक सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन स्वतः उतरले, बंद पडलेला केनेट अँड एव्हन कालवा 1990 मध्ये परत सुरू झाला. आता 2012 पासून एक ट्रस्ट सुमारे 2,000 मैल सांभाळतो आणि कितीतरी लॉकवर रिटायर माणसं बिनपगारी ड्यूटी करतात.

आणि काठाची वाट! पूर्वी घोडे त्या वाटेवरून बोटी ओढायचे, आज तिथे माणसं फिरतात, सायकली जातात, गळ टाकून बसतात, मग कुणी कचरा टाकला तर लगेच दिसतो. आपल्या शहराला 2021 मध्ये वॉटर प्लस, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणाऱ्या शहराचं सरकारी प्रमाणपत्र, मिळालं, अभिमान आहेच, पण कृष्णपुरा छत्र्यांपासून कान्हच्या काठाने चालत निघा, थोड्याच वेळात घरांच्या मागच्या भिंती आडव्या येतात. महापालिकेला विनंती आहे की रिव्हरफ्रंटचे दगड आणि लाइट नंतर लावा, आधी जमेल तिथे साधी मातीची सलग पायवाट द्या आणि एकेक तुकडा मोहल्ल्यातल्या लोकांकडे सोपवा. आमच्या भागातली रिटायर मंडळी तयार आहेत, कुठे आणि कधी यायचं तेवढं कळवावं.

एक वाचक, रामबाग, इंदूर