बंद केलेलं संरक्षण पुन्हा चालू कोण करणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी २००२पासून कराडला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. गेल्या पंधरवड्यात एका बी-बियाण्यांच्या दुकानातलं मशीन आलं. तक्रार नेहमीचीच, ‘स्लो झालंय’. ३२ बिटचं विंडोज ७, म्हणजे १४ जानेवारी २०२०नंतर कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं. ते एक दुखणं होतंच. पण सवयीने मी कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, डीईपी, म्हणजे ‘डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन’ची स्थिती विचारली, तर उत्तर आलं शून्य. शून्य म्हणजे पूर्ण बंद. विंडोज ७ नवं टाकलं की तिथे २ असतो, म्हणजे निदान विंडोजच्या स्वतःच्या प्रोग्रॅमना तरी संरक्षण. शून्य आपोआप होत नाही, ते कुणीतरी करावं लागतं.

हे काय असतं ते दुकानदाराला असं सांगितलं: आवक टपालात आलेला कागद हा कागदच. तो साहेबांचा हुकूम समजून शिपाई कामाला लागला तर ऑफिसचं काय होईल? मेमरीतही काही पानं नुसत्या माहितीची असतात. बाहेरून आलेल्या माहितीत कुणी लबाडीने आज्ञा घुसवल्या, तर ‘या पानावरचं काही चालवायचं नाही’ असं प्रोसेसर स्वतःच सांगतो आणि तो प्रोग्रॅम बंद पाडतो. ऑगस्ट २००३मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या व्हायरसने माझ्याकडची मशीनं साठ सेकंद उलटे मोजून बंद पाडली, ती असल्याच घुसखोरीतून. त्याच वर्षी एएमडीने ही सोय प्रोसेसरमध्ये आणली. पुढच्या वर्षी इंटेलनेही ती आणली आणि विंडोज एक्सपी ‘सर्व्हिस पॅक २’पासून ती वापरू लागलं.

मग शून्य कुणी केलं? मालक म्हणाले, ‘बिलिंगचा प्रोग्रॅम उघडला की बंद पडायचा. फोनवरच्या मुलाने काहीतरी टाइप करायला लावलं, मग चालला.’ त्या मुलावर रोष नाही, त्याला दिवसात पन्नास फोन घ्यायचे असतील. पण एका प्रोग्रॅमला सवलत द्यायची सोय विंडोजमध्येच आहे: सिस्टीम प्रॉपर्टीज, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘परफॉर्मन्स’खालचं ‘सेटिंग्ज’, तिथे डीईपीचा टॅब. दुसरा पर्याय निवडून यादीत त्या प्रोग्रॅमचं नाव घालायचं. दोन मिनिटांचं काम.

याच टॅबवर खाली ‘तुमचा प्रोसेसर डीईपीला सपोर्ट करतो’ अशा अर्थाची ओळ असते. ती वाचून लोक निश्चिंत होतात. सपोर्ट असणं वेगळं, चालू असणं वेगळं. आणि बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्येच, ‘एक्झिक्यूट डिसेबल’ (प्रोसेसरच्या याच सोयीचं नाव) बंद करून ठेवलं असेल, तर विंडोजला ती सोय दिसतच नाही. लिनक्सवाल्यांचं बरं आहे, सुरू होतानाच्या नोंदींत ‘एनएक्स प्रोटेक्शन: अ‍ॅक्टिव्ह’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं; एनएक्स म्हणजे हीच सोय.

डीईपी चालू म्हणजे सगळे चोर बाहेर, असं मी म्हणत नाही. त्याला चकवणारे आहेत. माझी मागणी एवढीच की सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने काय काय बंद केलं ते बिलावर लिहून द्यावं. मेकॅनिक बदललेला पार्ट लिहितो, तसं. आणि आपल्या पुरवणीत ओटीपीच्या फसवणुकीवर इतकं येतं, तर एखाद्या आठवड्यात हा टॅब कसा उघडायचा तेही चित्रासह छापावं.

त्या मशीनवर मी डीईपी चालू करून ते रीस्टार्ट केलं. बिलिंगचा प्रोग्रॅम मुकाट्याने उघडला. मधल्या काळात त्याची नवी आवृत्ती आली होती. शून्य मात्र तसंच राहिलं होतं.

— एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, कराड