सीट फाटली ती साधी गोष्ट नव्हती

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या भाचीची सोयरीक दिवाळीनंतर मोडली, कारणं काय असतील ती असोत, पण तेव्हापासून तो पोरगा रोज जळगाव गाडीच्या टायमाला स्टँडासमोरच्या टपरीवर येऊन उभा राहायला लागला. घरात विषय निघाला तर आजी म्हणे, "काय करस तो, नुसता उभा ते ऱ्हास." मीपण मान हलवली, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस स्टँडात लावलेल्या तिच्या स्कूटीची सीट ब्लेडने फाडलेली, सरळ एक रेघ, आतला स्पंज बाहेर. आम्ही काय केलं तर नवीन कव्हर टाकून आलो.

आपल्याला वाटतं ओळखीचा आहे, त्याच्या आईबापाला ओळखतो, तो काय करणार. उलटं आहे हो. पाठलागावर अभ्यास करणारे सांगतात की अनोळखी रोडरोमिओपेक्षा जुना जोडीदार मारहाणीवर उतरण्याची शक्यता जास्त, त्यात धमकी, दारू, आधी कधी हात उचललेला, वस्तूंची तोडफोड, "मी मरेन नाहीतर तुला मारेन" असली भाषा असली तर अजूनच. अमेरिकेत 1999 ला एक अभ्यास छापून आला, आजी-माजी जोडीदाराच्या हातून खून झालेल्या बायकांपैकी 76 टक्के बायकांचा आदल्या वर्षभरात पाठलाग झालेला होता. आणि लांब कशाला, 2020 चं हिंगणघाट आठवा, त्या तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळणारा तिच्याच गावचा होता.

ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, हात लावला का? नाही ना, मग समज देतो. समज दिली आणि त्याच रात्री तो दारात. तक्रार झाली की माणूस शांत होतो असं नाही, कधी कधी तेव्हाच जास्त पेटतो, म्हणून पुढचे काही दिवस तरी पोरीला एकटं सोडू नये हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम 78 आहे, पहिल्या वेळेला 3 वर्षांपर्यंत शिक्षा पण गुन्हा जामीनपात्र, म्हणजे पकडलं तरी संध्याकाळी परत टपरीवर! ठाण्यात हात लावला का यापेक्षा धमकी दिली का, काही फोडलं का, घरापर्यंत आला का हे विचारायला काय जातं?

आता वकील मॅडम गाठल्या. त्यांनी पहिलं काय मागितलं तर फाटलेल्या सीटचा फोटो. तो आम्ही काढलाच नव्हता आणि जुनं कव्हर दुकानातच टाकून आलेलो.

– एक मामा, ता. चोपडा