रक्तदाब कमी करण्याआधी तो नीट मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कालच्या आरोग्यविषयक पानावरील उच्च रक्तदाबाचा अर्धपानी लेख वाचला. रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात, लोणचे-पापड सोडत नाहीत, त्रास होत नाही म्हणून तपासणीलाच येत नाहीत, असा एकूण सूर. यातील काहीही खोटे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असल्याचे आढळले होते, तेव्हा तज्ज्ञांनी कळकळीने लिहावे हे योग्यच. मात्र १३०/८० ही मर्यादा धरावी की १४०/९०, या अमेरिकी आणि इतर मार्गदर्शक सूचनांमधील वादाला दोन रकाने देणाऱ्या लेखकमहाशयांनी, तो आकडा मुळात कोण मोजतो आणि कसा मोजतो, यावर एक ओळही खर्च करू नये, याचे नवल वाटले. ज्या दहा अंकांवरून ही विद्वत्तापूर्ण चर्चा चालली आहे, तेवढी चूक आपल्याकडे नुसती पट्टा बांधतानाच होते.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. माझ्या आत्याबाई पंचाहत्तरीच्या आहेत आणि सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातील आमच्या गावी राहतात. रक्तदाबाची एक गोळी त्या बरीच वर्षे बिनतक्रार घेत आल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्या पुण्याला आमच्याकडे आल्या असता गुडघेदुखीसाठी त्यांना एका नावाजलेल्या रुग्णालयात नेले. लिफ्ट बंद होती, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढून त्या वर पोहोचल्या. तिथल्या परिचारिकेने त्यांना पाठ नसलेल्या स्टुलावर बसवले, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात खाली लोंबकळत ठेवला आणि पट्टा फुगत असतानाच पूर्ण नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि विमा आहे का, अशी विचारणा सुरू केली. केसपेपरवर १७०/१०० असा आकडा पडला. आतल्या डॉक्टरांनी तो पाहिला, पुन्हा मोजण्याची तसदी घेतली नाही, चालू गोळीचा डोस दुप्पट केला आणि जोडीला आणखी एक गोळी दिली. गुडघ्यांविषयी काय बोलणे झाले, ते मला आठवतही नाही, इतके ते थोडक्यात आटोपले.

पुढे व्हायचे तेच झाले. पहाटे अंथरुणातून उठताना त्यांना अंधारी आली, त्या पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर घालताना आम्हाला सांगण्यात आले की या वयात पडणे-झडणे चालायचेच. बसलेल्या माणसाचा रक्तदाब उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरच्या आकड्यात २० किंवा खालच्या आकड्यात १० ने उतरला, तर तो धोक्याचा इशारा असतो आणि वृद्धांचा, विशेषतः गोळ्या वाढवल्यानंतर, उभे करूनही रक्तदाब पाहायचा असतो, ही गोष्ट त्या चकचकीत इमारतीत कोणालाही सुचली नाही. बिलात मात्र कोणतीही बाब सुटली नव्हती.

हात बरा झाल्यावर आत्याबाई गावी परतल्या आणि नेहमीच्या गोळ्या आणायला आरोग्य उपकेंद्रात गेल्या. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या तरुण मुलीने आधी त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितले. मग पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटे गप्प बसवले. अर्ध्या तासात चहा घेतला का, मिश्री लावली का, हेही विचारले (लावली होती; त्यामुळे आणखी थांबावे लागले). स्वेटर काढून उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजले, मग उभे करून पुन्हा मोजले. वरचा आकडा बसून १२८, उभे राहून १०४. तिने चिठ्ठी देऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गोळ्या कमी करून दिल्या. त्यानंतर आत्याबाईंना अंधारी आलेली नाही.

ही किमया नव्हे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील जे चार जिल्हे सुरुवातीला घेतले गेले, त्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग यांच्यासह सातारा होता. ठरलेली औषधे, ठरलेली पद्धत, आकडे दाखवणारे साधे यंत्र आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण, एवढाच त्याचा ऐवज. यावर आपल्या वृत्तपत्रात मला आजवर काही वाचायला मिळालेले नाही. माझ्या नजरेतून सुटले असल्यास क्षमस्व.

हात कुठे ठेवला याने काय होते, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये नेमके हेच तपासले. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत, हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबकळत सोडला तर साडेसहाच्या आसपास जास्त येतो, असे त्यांना आढळले. त्यात दंडाच्या मानाने लहान पट्टा, भरलेले मूत्राशय, पायावर पाय आणि चालू संभाषण यांची भर घाला. शिवाय आमच्या घरातले जुने केसपेपर काढून पाहिले तर १४०, १५०, १६०, १७० असे सगळे आकडे शून्यावर संपलेले दिसतात. पाऱ्याच्या यंत्रावर दर दोन अंकांना रेघ असते, तरीही आमच्या कुटुंबाचे रक्ताभिसरण दशमान पद्धतीने चालते, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

यावरून कोणी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद कराव्यात, असे मला मुळीच सुचवायचे नाही. आत्याबाईंना आजही एक गोळी लागते आणि ती त्या घेतात. परंतु गोळी वाढवणाऱ्याने आधी पाच मिनिटे थांबून स्वतः पुन्हा मोजावे, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गर्दी काही कमी नसे, तरी ते आधी घरच्यांची चौकशी करत आणि पट्टा शेवटी काढत. जागेअभावी हे पत्र कापायचे झाल्यास माझा त्रागा खुशाल कापावा, मोजण्याची पद्धत तेवढी ठेवावी.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर, त्याच लेखाच्या पायाशी, 'तीन महिन्यांत बीपीच्या गोळ्यांपासून कायमची सुटका' असे आश्वासन देणाऱ्या कसल्याशा काढ्याची रंगीत जाहिरात आहे. वर तज्ज्ञ सांगतात की गोळ्या सोडू नका, आणि खाली आपण गोळ्या सोडवण्याचा पत्ता देता. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर इलाज करण्याच्या जाहिरातींना त्याने मनाई केली आहे, त्यांच्या यादीत रक्तदाबाचे नाव स्पष्टपणे आहे, आणि ही मनाई जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यांनाही लागू होते. रुग्णांच्या बेशिस्तीवर पुढचा लेख छापण्यापूर्वी आपल्या जाहिरात विभागाला ही यादी वाचायला द्यावी, ही विनंती.

कळावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे