तुझा खंजीर मुळात कुठला?

प्रिय मिलिंद,

तुझ्या खंजिराचे फोटो मिळाले. काल रात्री ते मोठे करून करून पाहिले आणि सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलो. हा क्रिस, म्हणजे इंडोनेशियाकडचा खंजीर आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नकोस. आपल्याकडच्या जुन्या खंजिरांमध्येही नागमोडी पातं सापडतं, पण ते सहसा दोन्ही अंगांनी सारखं असतं. तुझं पातं मुळाशी एका बाजूला जास्त पसरलंय आणि त्याच्यावर एक वेगळा आडवा तुकडा बसवलाय. जावात त्याला गोंजो म्हणतात. पातं आणि गोंजो यांच्यामधली सांध तुझ्या जवळून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसते. वळणं तू बारा लिहिलीस, पुन्हा मोज. क्रिसची वळणं नेहमी विषम असतात, मुळाजवळचं पहिलं बहुतेक सुटलं असेल.

दुकानदाराने मुठीवरचा राक्षस पाहून 'बाली' सांगितलं. मूठ बालीचीच आहे, पण तेवढ्यावरून निर्णय करायचा नाही. क्रिसची मूठ पात्याच्या बारीक शेपटीवर चिंधी गुंडाळून नुसती दाबून बसवतात, त्यामुळे ती कधीही बदलता येते. म्यानाचंही तसंच. पाती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेली आणि जिथे गेली तिथला साज ल्याली. डच अंमलात युरोपात जाणाऱ्यांच्या सामानात तर अशा कितीतरी जोड्या जुळवल्या गेल्या. म्हणून सुरुवात पात्यापासून कर.

तुझं पातं ३६ सेंटीमीटर. बालीची पाती बहुधा याहून लांब, जड आणि घासून गुळगुळीत केलेली असतात. तुझं काळपट, खरखरीत आहे. जावात लोखंड आणि निकेल असलेला धातू एकत्र ठोकून, दुमडून पातं घडवतात आणि मग लिंबाचा रस आणि सोमल (विषारी आर्सेनिक) वापरून ते रंगवतात. लोखंड काळं पडतं, निकेलचे थर चांदीसारखे उजळतात. या नक्षीला पामोर म्हणतात. मध्य जावातल्या प्रंबाननजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड तिथल्याच सुराकार्ता शहराच्या राजवाड्यात नेलं होतं, तेही पामोरसाठी वापरलं गेलं. तुझ्या पात्यावरच्या रेषा आत खोलवर गेल्यात. पर्यटकांसाठी पत्रा कापून, वरवर आम्लाने नक्षी उठवलेला माल असा दिसत नाही. म्यानाचं वरचं लाकूड होडीच्या घाटाचं, टोकं बाहेर काढलेलं आहे. तो सुराकार्ताचा दरबारी घाट, लाद्रांग. माझं मत सांगतो: पातं आणि म्यान मध्य जावाचं, मूठ मागाहून आलेली.

मला या शस्त्राची ओढ कशाने लागली, ते तुला सांगायलाच हवं. जावातल्या लावू पर्वतावर १५व्या शतकातलं सुकुह मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पात लोहारशाळा कोरलीय. भीम पातं घडवतोय, अर्जुन भाता ओढतोय आणि मधे गणपती नाचतोय! आपला भीम तिथे लोहार झालाय, हे पाहून मी किती वेळ त्या शिल्पावरून नजर काढू शकलो नाही.

आता कागदांचं, म्हणजे खंजीर कोणाकडून कुठे गेला याच्या पुराव्याचं. जावाच्या युद्धात (१८२५–३०) डचांशी लढलेल्या राजपुत्र दिपोनगोरोचा क्रिस नेदरलँड्समध्ये पोचला आणि पुढे संग्रहालयातल्या इतर क्रिसांमध्ये कोणता तो हेच कळेनासं झालं. शेवटी जुन्या कागदपत्रांनी वाट दाखवली. त्यांत चित्रकार राडेन सालेहने त्या क्रिसबद्दल लिहिलेली टीपही होती. २०२० साली तो इंडोनेशियाला परत दिला गेला. तरीही पात्याचं रूप त्या क्रिसच्या 'नागा सिलुमान' या नावाशी जुळतं का, यावर तिथल्या जाणकारांनी वाद घातलाच, आणि तो घालायलाच हवा होता. म्हणून त्या दुकानदाराला पुन्हा भेट. कोणाच्या घरातून आला, त्या घरातलं कोणी डच इंडीजमध्ये (तेव्हाच्या इंडोनेशियात) नोकरीला होतं का, एखादं पत्र, जुनी यादी, फोटो काही आहे का, सगळं विचार आणि तारखेसह लिहून ठेव.

आणि कळकळीने सांगतो, पितांबरी, चिंच, व्हिनेगर यातलं काहीही लावू नकोस. चमकवायला जाशील आणि पामोरच घालवून बसशील. जावात सुरो महिन्यात क्रिस विधिपूर्वक धुतात, आपल्या खंडेनवमीसारखं मानाने, पण ते जाणत्या हातांचं काम आहे. तू फक्त मऊ कापडाने हलकं तेल पूस. तिकडे चंदनाचं वापरतात. पात्यावर सोमल असू शकतो, तेव्हा हात धू आणि मुलांना लांब ठेव. मूठ जोर लावून उपटू नकोस.

गोंजोचा वरून काढलेला आणि मुठीखालच्या कड्याचा फोटो पाठव. म्यानाच्या खाचेत गोंजो घट्ट बसतो की हलतो, तेही कळव. घट्ट बसत असेल तर पातं आणि म्यान पहिल्यापासूनची जोडी मानायला मी तयार आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत