वकील मिळतो, केसपेपर वाचणारा मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्ण दगावला, नातेवाइकांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या, ही बातमी दर थोड्या दिवसांनी कुठून ना कुठून येते. त्या घराचे पुढे काय झाले, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. मी सरकारी रुग्णालयातून अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षे प्रसूती कक्षात आणि ऑपरेशन थिएटरात गेली. आता आसपासच्या गावांतली माणसे फाइल घेऊन घरी येतात आणि म्हणतात, "सिस्टर, यात काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा." त्या फायलींमुळेच हे पत्र लिहिते आहे.

आमच्या भागातल्या एका मुलीचे खासगी दवाखान्यात सिझर झाले. बाळ सुखरूप होते. संध्याकाळी आई गेली. घरच्यांना मिळाला मृत्यूचा दाखला आणि एक पानाचा सारांश. कारण लिहिले होते 'हृदयक्रिया बंद पडून'. ती का बंद पडली, याचा त्यावर एक शब्द नाही. शवविच्छेदन घरच्यांनीच नको म्हटले. पोरीच्या देहाची आणखी चिरफाड नको, असे त्या मुलीच्या आईला त्या वेळी वाटणारच. पण मृत्यूचे खरे कारण सांगणारा सर्वांत भक्कम कागद त्यामुळे कधी तयारच झाला नाही. चुलतभावांनी रागाच्या भरात काउंटरची मोडतोड केली, आणि गुन्हा नोंदला गेला तो त्यांच्यावर. २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार दवाखान्यातल्या हिंसाचाराला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. तो कायदा मला मान्य आहे. रात्रपाळीत जमावापुढे उभी राहिलेली मीही आहे. पण त्या मुलीच्या मृत्यूबद्दल कोणीही कोणाला कायदेशीर प्रश्न विचारला नव्हता.

इनडोअर पेपर, म्हणजे रुग्ण दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी, माझ्यापुढे आले तेव्हा वर्ष उलटून गेले होते. सिझरनंतरच्या पहिल्या दोन तासांत नाडी, बीपी, गर्भाशय आवळले आहे की नाही, अंगावरून किती जाते आहे, हे दर पंधरा मिनिटांनी पाहून लिहायचे असते. हे तक्ते मी आयुष्यभर भरले आणि नव्या मुलींना भरायला शिकवले. त्या तक्त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बीपी १२०/८० आणि नाडी ८०, एकाच हाताने, एका दमात लिहिल्यासारखी. आणि लगेच पुढची नोंद 'गॅस्पिंग', म्हणजे शेवटचे आचके. आतून रक्तस्राव होत असलेल्या बाईची नाडी आधी पळायला लागते, बीपी मागाहून पडतो. माणसाचे शरीर असे सरळ रेषेत चालत येऊन अचानक कोसळत नाही. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की प्रश्न कुठे विचारायचा ते त्या एका पानावर होते, आणि घरातल्या कोणालाच ते वाचता येत नव्हते. वकिलांनाही नाही. त्यांनी ते पान फायलीच्या शेवटी लावले होते.

कायदा आपल्याकडे आहे. पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथे हा कायदा चालत नाही. पण काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेतलेला रुग्णही दाद मागू शकतो. तक्रारीची मुदत दोन वर्षे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. केसपेपर लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत आणि तीन वर्षे जपावेत, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतच आहे. नातेवाइकांनी पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज करून पोच घेतली पाहिजे. नुसते तोंडी मागत राहिले की 'उद्या या' ऐकावे लागते.

वकिलाची फी हे तर आता कारणच उरायला नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. ही मदत फक्त फौजदारी खटल्यापुरती नाही. निमन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखे निवाडे करणाऱ्या संस्थाही त्या कायद्यात येतात, म्हणजे ग्राहक आयोगही आलाच. वर सांगितलेल्या प्रकरणात बाळाचा बाप ट्रक चालवतो. आईविना वाढणारी ती तान्ही मुलगी वारस म्हणून स्वतः तक्रारदार आहे आणि मूल म्हणून मोफत वकिलाची हक्कदारही आहे. हे तिच्या बापाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला, कारण तोवर सल्ल्यापायी त्याने बायकोचे दागिने मोडले होते.

वकील मिळाला तरी गाडी पुढे अडते. निष्काळजीपणा सिद्ध करायला वैद्यकीय मत लागते, आणि गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा हवाच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले आहे. पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या चुकीबद्दल. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. दुसऱ्यांदा पोट उघडले तेव्हा तो टॉवेल सापडला. तरीही उच्च न्यायालयात कुटुंब हरले, आणि खालच्या न्यायालयाने दिलेली ३६ हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केली ती १९९६ मध्ये. टॉवेल हातात असताना तेहतीस वर्षे लागली! ज्या प्रकरणात पुरावा म्हणजे नाडीचा एक खोटा वाटणारा आकडा आहे, त्या माणसांनी काय करायचे?

माझी मागणी अगदी साधी आहे. मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जशी वकिलांची यादी असते, तशी केसपेपर वाचणाऱ्यांचीही असावी. निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, अनुभवी परिचारिका. शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातले, म्हणजे ओळखीची भीड राहत नाही. त्यांनी निकाल द्यायचा नाही. फायलीत काय आहे, काय असायला हवे होते, कोणते पान गायब आहे, आणि नेमक्या कोणत्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, एवढे मराठीत लिहून द्यायचे. त्या पुढच्या मताची फी प्राधिकरणाने भरावी.

डॉक्टर मंडळींनी याला आपल्याविरुद्धची मोहीम समजू नये, असे मनापासून वाटते. माझ्याकडे आलेल्या कितीतरी फायली वाचून मी घरच्यांना सांगितले आहे की डॉक्टरांनी शर्थ केली होती, हा आजारच तसा होता. गर्भजल रक्तात गेले तर उत्तम रुग्णालयातही आई हातची जाते. हे कोणी शांतपणे कागद दाखवून समजावले तर माणसे रडतात, पण पटवून घेतात. बेपर्वाई ढोबळ आणि गंभीर असल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी खटला चालवू नये, आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, हे २००५ च्या निकालाने ठरले आहे. डॉक्टरला मिळालेले हे संरक्षण योग्यच आहे. तेच स्वतंत्र मत मेलेल्या बाईच्या घरच्यांनाही मिळावे.

आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. जिथे लावली आहे तिथेही ती एवढ्या बारीक अक्षरांत असते की चष्मा लावून जवळ जावे लागते. त्या फलकावर ठळक दोन ओळी हव्यात: संपूर्ण केसपेपर लेखी मागण्याचा आपला हक्क आहे, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर फोन करा. आशाताई आणि विधी स्वयंसेवकांनाही हा क्रमांक आणि दोन वर्षांची मुदत तोंडपाठ हवी.

जिल्हा न्यायाधीश हेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी निवृत्त डॉक्टर आणि परिचारिकांकडून नावे मागवली तरी कामाला सुरुवात होईल. त्या यादीत माझे नाव पहिले लिहावे. मला मानधन नको.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका
कराड, जि. सातारा