क्षमा इतकी स्वस्त नाही

संपादक महोदय,

‘माफी मिळतेच, मग ख्रिस्ती माणसाला पापाची भीती कशाला?’ असं मला पुष्कळदा विचारलं जातं, तेव्हा मन दुखतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, जक्कय आठवावा. येशू त्याच्याकडे उतरला, तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, लुबाडलेलं चौपट परत करतो, असं तो स्वतःहून म्हणाला. आणि येशूची हाक आधी आली होती, पश्चात्ताप नंतर! हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पापासाठी बायबलच्या नव्या करारात (येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागात) येणाऱ्या ‘हामार्तिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणं. दुष्कृत्य दुष्कृत्यच राहतं, पण करणाऱ्याला परतीची वाट उरते. येशूचा शिष्य पेत्र याने त्याला विचारलं होतं, सात वेळा क्षमा करू का? येशूचं उत्तर होतं, सातांच्या सत्तर वेळा.

– एक ख्रिस्ती वाचक