इस्पिकचा एक्का आणि शेपटीवरचे ठिगळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांवरच्या चित्रांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. पण विमानाच्या नाकावर इस्पिकचा एक्का मिरवणाऱ्या एका जर्मन पथकाची गोष्ट सांगून ‘जर्मन वैमानिक मनातून हिटलरविरोधीच होते’ असे जे त्यात म्हटले आहे, ते फार खटकले.

मी पंचवीस वर्षे प्लॅस्टिकची मॉडेल विमाने बनवतो. या पथकाचे मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान करताना त्याचे जुने फोटो भिंगाखाली धरून तासन् तास पाहिले आहेत. नाकावर एरवी पांढऱ्या चौकटीत काळा इस्पिक असायचा. त्या जागी इंजिनाच्या झाकणाला वेढणारा पट्टा दिसतो. आणि शेपटीवर स्वस्तिक असायला हवे तिथे नव्या रंगाचे ठिगळ.

वैमानिकांच्या आठवणींतून आलेली हकीकत अशी. यागडगेश्वाडर ५३ या पथकाचे प्रमुख हान्स-युर्गन फॉन क्रामोन-टाउबाडेल यांची पत्नी ज्यू वंशाची. १९४० च्या उन्हाळ्यात, ब्रिटनवरची हवाई लढाई चालू असताना, हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने शिक्षा म्हणून पथकाचा एक्का पुसायला लावला आणि त्याजागी लाल पट्टा मारायला सांगितले. त्यावर चिडलेल्या काही वैमानिकांनी शेपटीवरचे स्वस्तिकच रंगवून टाकले. शरद ऋतूत क्रामोन यांच्या जागी गुंटर फॉन माल्टझान आले आणि नंतर एक्का विमानांवर परतला.

एखाद्याच्या बायकोचा जन्म कुठल्या घरात झाला यावरून अख्ख्या पथकाला डाग लावायचा, हे वाचून आजही संताप येतो. रंगाचा ब्रश हातात घेणाऱ्यांचे धाडस मी मुळीच कमी लेखत नाही. पण ते आपल्या साहेबासाठी आणि आपल्या एक्क्यासाठी होते. स्वस्तिक पुसलेली तीच विमाने इंग्लिश खाडी ओलांडून हिटलरचीच लढाई लढत होती. पुढे जानेवारी १९४५ मध्ये माल्टझान, लुट्झोव, श्टाइनहॉफ वगैरे नामवंत वैमानिक गोअरिंगविरुद्ध उघड उभे राहिले. लुट्झोव यांनी तर त्याला तोंडावर सुनावले आणि त्यांची रवानगी इटलीत झाली. या बंडातही तक्रार होती ती लढाऊ वैमानिकांचे प्रमुख गालांड यांच्या उचलबांगडीची आणि लढाऊ वैमानिकांवर ठेवलेल्या भित्रेपणाच्या ठपक्याची. छळछावण्यांतल्या लोकांसाठी कोणी भांडले नाही.

राजवटीच्या मुळावरच घाव घालू पाहणारा माणूसही याच हवाई दलात होता. हारो शुल्झे-बॉयसन, गोअरिंगच्याच हवाई मंत्रालयातला अधिकारी. नाझींच्या अत्याचारांची माहिती गोळा करणे, गुप्त पत्रके वाटणे, जर्मन हल्ल्याच्या तयारीची बातमी रशियापर्यंत पोचवणे, हे सगळे त्याने आणि त्याच्या मित्रांनी केले. २२ डिसेंबर १९४२ ला बर्लिनच्या प्ल्योट्झनझे तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याच दिवशी त्याची पत्नी लिबर्टास हिचा शिरच्छेद झाला.

लाल पट्ट्याचे विमान माझ्या कपाटात आहे. शेपटीचे ठिगळ जमायला तीनदा रंग द्यावा लागला. शुल्झे-बॉयसन टेबलामागे बसून लढला, त्याच्या नावाचे मॉडेल कुठल्या खोक्यात मिळत नाही. म्हणून विनंती, की पुरवणीत या नवरा-बायकोवरही एक लेख द्यावा, आणि तोही एक्क्याच्या लेखाइतक्याच जागेत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे